मागे ठेवलेली सायकल

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना शांत बसवेना. त्यांनी गाडीमागे ओढायचा ट्रेलर घेतला. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि बेसावध उठलं की डोकं आपटेल असं छत. माझी अट एकच, आमच्या दोन्ही इलेक्ट्रिक सायकली बरोबर आल्या पाहिजेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला फार चालवत नाही, सायकलवर मात्र मी राणी. पण पडायची धास्ती अशी बसली होती की हे शेजारून चालवत असल्याशिवाय मी फाटकाबाहेर जात नसे. पहिली सहल एका तळ्यावर ठरली होती; तिथल्या वाटेवरून तळ्याभोवती दोघांनी एक चक्कर मारायची, एवढंच मला त्या सहलीतून हवं होतं.

सायकली म्हणजे दोन म्हशी. एक उचलायची तर दोघांच्याही कमरा धरतात. त्या टांगायची सोय करायला बोलावलेल्या वेल्डरने ट्रेलरचा पातळ बंपर हलवून पाहिला आणि नाक मुरडलं.

"काकू, ह्याच्यावर टांगाल तर पहिल्या खड्ड्यात सायकली रस्त्यावर. थेट चासीला, खालच्या लोखंडी चौकटीला, सांगाडा जोडून देतो. पण शेपटीला फार वजन झालं की ट्रेलर डोलतो. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा आणि जड सामान ट्रेलरच्या पुढच्या बाजूला."

सांगाडा झकास झाला. सरावाच्या पहिल्या फेरीत मात्र ट्रेलर असा डोलला की ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बॅटऱ्या काढायला विसरले होते ना! त्या काढल्या, भांड्यांची पेटी पुढे सरकवली, तेव्हा स्वारी सुतासारखी सरळ आली. तरी ह्यांच्या मनात पाल चुकचुकतच राहिली.

निघायच्या दिवशी मी ओट्यापाशी डबे भरत होते. अंगणातून हाक आली, "अगं, तुझ्या सायकलचं काय करू?"

काय करू म्हणजे? सांगाडा काय कपडे वाळत घालायला केलाय?

"मागे ठेवा!" मी आतूनच ओरडले.

मी डबे घेऊन आले तोवर सांगाड्यावर ताडपत्री आवळून झाली होती. वाटेत ह्यांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. स्वतःहून चहाला थांबले, खिडकी उघडू का विचारलं, आणि वर, "तुझ्यासारखी तूच गं!" मी मनात म्हटलं, ह्यांनी नक्की काहीतरी फोडलंय.

तळ्यावर पोचल्यावर ताडपत्री सोडली. खाली एकच सायकल. माझी.

"तुमची कुठंय?"

"घरी. तू म्हणालीस ना, मागे ठेवा म्हणून? ट्रेलर डोलायच्या माझ्या भीतीपायी तू हट्ट सोडलास, मला अगदी गलबलून आलं. म्हटलं, एकच न्यायची तर तुझी नेऊ."

"अहो, मागे म्हणजे ट्रेलरच्या मागे! मी आजवर कधी हट्ट सोडलाय का?"

आधी दोघंही पोट धरून हसलो. मग मला रडूच आलं. एवढा खटाटोप करून शेवटी शेजारी कोणीच नाही! ह्यांनी सायकल उतरवली, बॅटरी बसवली आणि हँडल माझ्यापुढे धरलं. "मी इथंच उभा आहे," म्हणाले.

रागारागातच निघाले. तोंडाने ह्यांच्या नावाने बडबड चालू होती. वळण आलं, गेलं. पुढे वाट उताराची होती, वारा तोंडावर येत होता, आणि वाटेत कुणी नसताना मी उगाचच घंटी वाजवत सुटले.

परत आले तर हे तिथंच, हातातला चहा गार झालेला.

"जीव टांगणीला लागला होता माझा. एकटीला भीती वाटली ना?"

"वाटली. पहिल्या वळणापर्यंत."

"आणि मग?"

"मग तुमची आठवणच झाली नाही."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी वाकून बॅटरी किती उरली ते पाहिलं.

"अजून एक चक्कर होईल," ते म्हणाले. "जा."