भात्याचा हात

लिलाबाई धुळ्यात शेजारणींना मोठ्या ऐटीत सांगायची, "मन्हा पोऱ्या जाच वाजाडस."

जॅझ हा शब्द तिच्या कानाला पहिल्यांदा जाच असा ऐकू आला आणि तिनं तो तसाच ठेवून घेतला. त्या पोरानं, संघपालनं, किती वेळा सुधारून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बरं, कान अधू म्हणावेत तर गल्लीच्या टोकाला कुणी तिचं नाव कुजबुजलं तरी तिला घरात कळायचं. खरं सांगायचं तर तो शब्द तिला सोयीचा होता. तिचा लेकावर राग होता, आणि रागाला इतका आयता शब्द कोण सोडतं?

राग होता पेटीवरून. संघपालचे वडील देवचंद बुद्धविहारात पेटी वाजवायचे आणि लिलाबाई गायची. गिरणीतल्या अपघातात देवचंदांचा डावा हात निकामी झाला. उजव्या हातानं सूर धरता येतील, पण भाता कोण हलवणार? मग लहानगा संघपाल बापाच्या डाव्या अंगाला खेटून बसायला लागला. सूर बापाचे, भाता लेकाच्या डाव्या हातात. लिलाबाईला ओळीच्या मध्येच दम घ्यायची सवय होती. तिथं पोरगा भाता अंमळ धरून ठेवायचा, आणि तिनं पुढचा शब्द उचलला की मगच दाबायचा. कुणी शिकवलं नव्हतं. आईचा श्वास लेकराला कळणार नाही तर कुणाला कळणार?

देवचंद गेल्यावर संघपाल सुरांवर बोटं फिरवून स्वतःच पेटी शिकला. पोटासाठी रंगकाम करायचा. एका मिशनच्या वसतिगृहात भिंती रंगवताना त्याला कोपऱ्यात जुना पियानो दिसला, आणि त्याच खोलीत कुण्या पाहुण्याची विसरलेली जॅझची कॅसेट सापडली. ती ऐकली आणि गडी खुळावलाच. गुरू नाही, पुस्तक नाही. कॅसेट पुढंमागं करत एकेक तुकडा उचलायचा. उजवा हात लवकर शहाणा झाला. डावा मात्र बावचळला, कारण पियानोला भाताच नसतो. शेवटी संघपालनं त्याला जे येत होतं तेच करू दिलं. दाबायचं, अंमळ थांबायचं, मग उशिरानं पुन्हा दाबायचं.

पुढं पुण्याच्या हॉटेलांत आणि नंतर मोठमोठ्या सभागृहांत लोक विचारायचे, हा डावा हात कुठं शिकलात? तो हसून वेळ मारून न्यायचा. नाव झालं, परदेशवाऱ्या झाल्या. पण तो निघून गेल्यावर विहारातली पेटी बंद पडली आणि लिलाबाईनं गाणं टाकलं ते टाकलंच. "बापनी पेटी मुकी करी टाकी तू," एवढं ती एकदाच म्हणाली. त्यानंतर घरी आला की जेवलास का विचारायची, काय वाजवलंस हे कधीच नाही.

आणि आता पंचावन्नाव्या वर्षी संघपालचा कार्यक्रम जळगावात ठरला. त्याची बहीण संघमित्रा जळगावातच शाळेत शिकवते. तिनं गोडीगुलाबीनं आईला धुळ्याहून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पण लिलाबाईचा खाक्या सगळ्या भावकीला ठाऊक होता. आवडलं नाही की उठून चालू पडायचं. नातीच्या साखरपुड्यातून उठून आलेली बाई ती, इथं कुणाची भीड धरणार? संघपालची पाचावर धारण बसली होती. तिला समजलं नाही तरी चालेल, तिनं फक्त शेवटपर्यंत बसावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्यानं सुरुवातीलाच तिचं विहारातलं गाणं घेतलं. आईसमोर चूक नको म्हणून अगदी नेटकं बसवलं होतं. डावा हात घड्याळासारखा सरळ, कुठं खोळंबा नाही की उशीर नाही. नको तिथं शहाणपण, दुसरं काय!

दुसऱ्या कडव्याला लिलाबाई उठली.

संघमित्रानं पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला आणि काठी टेकत दाराकडं निघाली. संघपालनं ते पाहिलं. उजवा हात थांबलाच. त्याला वाटलं, संपलं, आई काही आता ऐकत नाही. डावा हात तेवढा आपल्या जुन्या सवयीवर येऊन चालत राहिला. दाबायचं, थांबायचं, उशिरानं पुन्हा दाबायचं.

दाराशी काठीचा आवाज थांबला.

लिलाबाई वळली. तिथूनच, चिरकलेल्या आवाजात, तिनं गाण्याची पुढची ओळ उचलली. सगळं सभागृह मान वळवून बघत होतं, पण तिचं कुणाकडं लक्ष नव्हतं. ओळीच्या मध्ये तिचा दम तुटला. डावा हात तिच्यासाठी थांबला. तिनं सावकाश श्वास घेतला, पुढचा शब्द उचलला, आणि मगच खालचा सूर आला. संघपालला समोरच्या पट्ट्या दिसेनात, डोळे इतके भरले होते.

ओळ संपवून ती काठी टेकत मंचाजवळ आली. संघपाल घाईनं खाली उतरला. तिनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला.

"हाऊ तुन्हा बापना हात शे," ती म्हणाली. "माले वाटनं, हाऊ बी त्यासनासंगे गया."

तिनं पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"जाय, वाजाड आते तुन्हा जाच," ती म्हणाली. "मी बठस."

आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.