मले कॅसेटवर नको धाडू

सिल्वासात त्या काळी विक्रीकर माफ होता, म्हणून मुंबई-पुण्याचे कारखाने दमणगंगेच्या काठाला येऊन बसले. मरण मात्र इथेही पूर्ण दराने लागू होतं. खानदेशातून आलेला एखादा कामगार राखोलीच्या चाळीत गेला, तर खांद्याला चार माणसं मिळत, भजनाला कुणी नसे. मुकाट्याने तिरडी नेणं म्हणजे चोरीचा माल हलवल्यासारखं दिसे. असंच एकाला नेत असताना शिरपूरकडच्या सुकदेवने तोंड उघडलं, आणि त्याची कारकीर्द सुरू झाली.

त्याचा आवाज गोड नव्हता. गोड आवाजाच्या माणसांना बारशाला बोलावतात. सुकदेवचा आवाज पोटातून निघे, छातीत अडखळे आणि बाहेर पडताना ऐकणाऱ्याचं काहीतरी सोबत घेऊन जाई. मेलेल्याशी बांधावरून वैर असलेले भाऊबंदसुद्धा हुंदके देत. त्याच्या मागे झील धरायला नवनाथ असे. दोघे एकाच गावचे, एकाच कारखान्यात कामाला. गाणी सुकदेव स्वतः जुळवी. मुख्य गाण्यात तो वर उचली, “चाल जिवा, नदीपर्यंत,” आणि नवनाथ खालच्या सुरात म्हणे, “पुढचं मग बघू.”

पुढे अथाल, सुरंगीहून बोलावणी येऊ लागली. एखादा अत्यवस्थ म्हातारा अचानक बरा झाला, तर त्याचे मुलगे रस्त्यात सुकदेवला पाहून ओशाळत.

कारखाना होता कॅसेटींचा. सुकदेव साच्याच्या यंत्रात प्लास्टिकचा दाणा ओती, आणि त्यातून कॅसेटीची रिकामी खोकी पडत. पुण्याहून आलेले मॅनेजर विजय साहेब गाण्याचे शौकीन. एका कामगाराच्या अंत्ययात्रेत त्यांनी सुकदेवला ऐकलं आणि सत्त्याऐंशी साली दोघांना तपासणीच्या खोलीत माईकसमोर उभं केलं. सुकदेवच्या तोंडून शब्द फुटेना.

“काय झालं?”

“साहेब, समोर कोणी नाही.”

“मी आहे की.”

“तुम्ही जिते आहात.”

विजय साहेब शिकलेले होते, अडचण त्यांच्या लगेच लक्षात आली. त्यांनी नवनाथला पॅकिंगच्या टेबलावर आडवं केलं, अंगावरून पांढरी चादर ओढली आणि माईक जवळ सरकवला. मग सुकदेव असा गायला की साहेबांनी चष्मा पुसला. नवनाथने झील दिली ती चादरीखालूनच.

‘नदीपर्यंत’ नावाच्या त्या कॅसेटची आठवण अजून जाणकार काढतात. मागचा आवाज जणू पलीकडून येतो, असं ते म्हणतात. तो एक्स्पोर्ट क्वालिटीच्या चादरीखालून येत होता. सुकदेवला मानधन म्हणून शाल, नारळ आणि कॅसेटींचं एक खोकं मिळालं. टेपरेकॉर्डर त्याच्याकडे नव्हता.

कॅसेट वापीपासून नाशिकपर्यंत गेली. घरोघरी ती गंगाजळाच्या तांब्याशेजारी ठेवलेली असे. कोणी गेलं की टेम्पो, टेम्पोवर भोंगा आणि भोंग्यात सुकदेव. पूर्वी तिरडीचा विसावा ठरलेल्या दगडापाशी व्हायचा. आता पहिली बाजू संपून टेप खट् करून थांबली की तिथेच तिरडी खाली ठेवत, खांदे बदलत आणि कॅसेट उलटी करत. शास्त्रानेही काही हरकत घेतली नाही.

आणि सुकदेवला कोणी बोलावेना.

आधी तो आपण होऊन जाई. “आले का सुकदेवभो? बरं झालं. पण तरास नका घेऊ, कॅसेट हाय,” असं लोक आदराने म्हणत. तो मागे उभा राहून स्वतःला ऐके आणि घरी येई. त्याची बायको पुतळाबाई ताट वाढताना म्हणे, “तेराव्याच्या पंगतीलेबी आता कॅसेटलेच बसवा म्हणावं.”

गाणं थांबलं, दाणा ओतणं थांबलं नाही. गरम प्लास्टिकच्या धुराने आधी खोकला दिला, मग आवाज नेला. त्या साच्यातून पडणाऱ्या खोक्यांपैकी कितीतरी त्याच्याच कॅसेटीची असत.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात नवनाथ कावीळ होऊन पडला. सुकदेव उशाशी बसला होता.

“एक सांगू का रे सुक्या? त्या चादरीखाली मले सगळं ऐकू येत होतं.”

“मग?”

“तू जीव तोडून गात होता, पण ते माह्यासाठी नव्हतं. साहेबासाठी होतं.” नवनाथला धाप लागली. “आता माह्यासाठी गा. मले कॅसेटवर नको धाडू.”

सुकदेवने त्याच्या गळ्यावर हात ठेवून शब्द दिला. स्वतःचा गळा त्याने आधी तपासायला हवा होता. त्या दिवसापासून तो ज्येष्ठमध चघळत नदीवर जाऊन सूर लावू लागला. सूर ‘चाल जिवा’पर्यंत येई आणि ‘नदी’वर फाटे. म्हशी वर बघत.

रविवारी सकाळी नवनाथ गेला. सुकदेव पोचला तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि नवनाथचा मुलगा वाल्मिक भोंगा बांधत होता.

“वाल्मिक, कॅसेट नको लावू. बापाने माझ्याकडून शब्द घेतलाय.”

“काका, चाळीत सगळ्यांच्या बापाले लावली. माह्याच बापाले नाही लावली तर लोक काय म्हणतील?” वाल्मिकचे डोळे सुजले होते. “आन् तुमचीच तर आहे.”

तिरडी उठली, भोंगा सुरू झाला. “चाल जिवा, नदीपर्यंत,” नऊ वर्षांपूर्वीचा सुकदेव गरजला. “पुढचं मग बघू,” नवनाथ चादरीखालून म्हणाला. तिरडीवरचा नवनाथही चादरीखालीच होता. बायकांनी हंबरडा फोडला.

टेप खट् करून थांबली. तिरडी खाली ठेवली. सुकदेव गर्दीतून पुढे घुसला, उभा राहिला आणि त्याने सूर उचलला. “चाल जिवा,” एवढं निघालं. मग नुसती हवा. पुन्हा उचलला, खोकल्याने दुमडून खाली बसला. कोणी पाणी आणलं. वापीहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, “कोण हाय हे?” शेजारचा म्हणाला, “मयताचा दोस्त. दुःखात हाय बिचारा.”

वाल्मिकने कॅसेट उलटी केली. सुकदेवने त्याचं मनगट धरलं.

“थांब. अजून एकदा. पाया पडतो तुझ्या.”

“काका, ऊन वाढतंय,” वाल्मिक हळूच म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

खांदे बदलायची वेळ होती. सुकदेवने डोक्याकडचा खांदा घेतला. भोंग्यातला सुकदेव सुरात चढत होता आणि ती उंची आता याच्या आवाक्यात नव्हती. पण झील खालची होती. झिलीला चढावं लागत नाही.

“पुढचं मग बघू,” तो भोंग्याबरोबर घोगऱ्या आवाजात म्हणाला. पुन्हा म्हणाला.

वापीच्या पाहुण्याने मागून हटकलं, “ओ काका, गप ऱ्हा ना! एवढा भारी गायक गातोय, त्यात तुम्ही कशाले?”

“खरं हाय,” सुकदेव म्हणाला.

आणि मान कलती करून, चादरीतल्या कानाशी तोंड नेऊन, दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तो नदीपर्यंत झील देत राहिला.