फुमिएच्या किड्यांचा रांजण

मी एक रांजण बोलतोय. सांगतो त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं असेल तर माझ्या पोटाला उभी चीर जावो. जपानातल्या शिगाराकी गावच्या भट्टीत दोनशे वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. पोटावर चीर दिसतेय ती जुनी आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि दोनशे म्हणजे, बुडाचा शिक्का वाचता येणारा माणूस साठ म्हणेल. भट्टीत माझ्या शेजारी ढेरपोटे मातीचे तानुकी भाजत होते. गोष्टींतला सगळ्यात थापाड्या प्राणी तो. संगतीचा परिणाम होतोच.

एइसाकूच्या घरी मी आलो तो मुळ्याच्या लोणच्यासाठी. चीर गेली, खारं पाणी गळायला लागलं, आणि एइसाकू मला फेकायला निघाला. त्याची बायको फुमिए म्हणाली, "लोणचं गळतं. माती थोडीच गळणार आहे?"

तिनं माझ्यात माती भरली, वर लाकडाची साल ठेवली आणि माहेराहून आणलेले सुझुमुशी सोडले. घंटीसारखे वाजणारे काळे किडे, भोपळ्याच्या बीएवढे. काकडीची चकती काडीला टोचून द्यायची, वांग्याची फोड द्यायची, वर सुक्या मासळीचा चुरा.

"मासळी विसरू नका हं," ती नवऱ्याला बजावायची. "नाहीतर बायका नवऱ्यांना खातात."

"किड्यांच्याच ना?" एइसाकू विचारायचा.

"सध्या तरी."

काय दिवस होते ते. ऑगस्टच्या संध्याकाळी माझ्या पोटातून असा आवाज निघायचा, रिइइन, रिइइन, की एकदा फाटकाची घंटा समजून आगगाडी थांबली. गार्ड स्वतः ओसरीवर येऊन ऐकत बसला आणि कलिंगड खाऊन गेला.

पानगळीत सगळे किडे मरायचे. त्याआधी माद्या मातीत अंडी खोचून ठेवायच्या. मग थंडीभर मी दिसायला रिकामा. पण माती सुकली की वंश बुडाला, म्हणून फुमिए रोज सकाळी पाण्याचा फवारा मारायची. "रिकामाच आहे की हा," असं कोणी म्हटलं की ओठांवर बोट ठेवायची. "हळू बोला. पोरं झोपलीत."

अशाच एका पानगळीत किड्यांपाठोपाठ तीही गेली. त्या वर्षीची अंडी मात्र माझ्या मातीत होती. एइसाकूला तिचं म्हणून जिवंत तेवढंच उरलं होतं.

मुलगा आणि सून ओसाकाहून राहायला आले. सून कायोको कामाला वाघ. वर्षअखेरीची साफसफाई आली, घरातला मळ नव्या वर्षात न्यायचा नाही म्हणून तिनं छतापासून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी पोचली. एइसाकू देवळात मोचीसाठी, नव्या वर्षाच्या गोळ्यांसाठी, चिकट भात कुटायला गेला होता. तिनं शेवाळलेली माती घराशेजारच्या पाटात ओतली, मला घासणीनं चकचकीत केलं, आणि दुकानातली पिशवीबंद माती भरली. मी ओरडलो. पण रांजणाचं कोण ऐकतं?

एइसाकू परत आला. माझ्या काठावरून हात फिरवत म्हणाला, "छान घासलायस, कायोको."

"फुलं लावू का त्यात, बाबा?"

"उन्हाळा जाऊ दे."

आणि दुसऱ्या सकाळी त्यानं फवारा उचलला. रोज यायचा, रोज त्या मेल्या मातीला पाणी द्यायचा. मला बघवत नव्हतं.

फेब्रुवारीत गल्लीतला न्हावी गेनपेई संत्री द्यायला आला. एइसाकू घरी नव्हता.

"सूनबाई, पोरं कशी आहेत?"

"कुठली पोरं?"

"फुमिएसानची. ह्यातली. माती ओली ठेवताय ना?" मग त्यानं सगळं समजावलं. कायोकोनं हातातली संत्री पायरीवर ठेवली.

"मी टाकली ती. साफसफाईत."

"अख्खी?"

"घासणीनं घासला हो मी. अगदी कडेकडेनं."

"कडेलाच घालतात त्या अंडी," गेनपेई बोलून गेला आणि जीभ चावली. "अहो, रडू नका. माझ्याकडचे किडे कुठले वाटतात तुम्हाला? दर उन्हाळ्यात फुमिएसान तिचे नर मला द्यायची, माझे न्यायची. घरातल्या घरात सोयरीक केली की आवाज बसतो म्हणायची."

"म्हणजे ते त्यांचेच?"

"अर्धे. अर्धे न्हाव्याचे. बडबड जरा जास्त करतील."

तिनं त्याच्याकडची अंड्यांची माती बादलीतून आणली, माझ्यात पसरली, वर जुनी साल तशीच ठेवली.

जूनमध्ये मुंगीहून बारीक, पांढरी पिल्लं माझ्या मातीतून वर आली. एइसाकू कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "मासळी विसरू नकोस हं, कायोको. नाहीतर बायका नवऱ्यांना खातात."

"किड्यांच्याच ना, बाबा?"

"सध्या तरी."

आता एइसाकूही नाही. माझी चीर तळापर्यंत गेलीय, कायोकोनं तार बांधलीय. फवाराही तीच मारते. पाहुणा मला रिकामा म्हणाला की तिचं बोट ओठांवर जातं. बिचाऱ्या म्हाताऱ्याला मात्र मातीचं शेवटपर्यंत काही कळलं नाही.

कळलं नाही, हे मी रचलं. आगगाडीची थाप राहू द्या. तिच्यावाचून माझ्याकडे आहे काय? पण हे खोटं. त्या संध्याकाळी मोची घेऊन तो लवकर परतला होता. कुंपणापाशी आला आणि त्यानं माती पाटात पडताना पाहिली. एक पाऊल पुढे टाकलं. मग त्याला गार पाण्यानं लाल झालेले कायोकोचे हात दिसले. तो तसाच वळला आणि पुन्हा देवळाकडे चालू लागला. फवारा बंद केला असता तर तिनं कारण विचारलं असतं, म्हणून पिशवीतल्या मातीला पाणी पाजत राहिला.

कधी तिकडे गेलात तर किड्यांचा आवाज ऐका, कलिंगड खा. हे तेवढं कायोकोला सांगू नका.