दोन मोर्चे, एक गाडी

त्या रविवारी हर्शेल गुटकिनला निदर्शनाला जायचं होतं आणि त्याच्या मुलीलाही. चौक एकच, वेळही एकच, बाजू मात्र दोन. एका फुटपाथवर हर्शेल इस्रायलचा झेंडा घेऊन उभा राहणार आणि समोरच्या फुटपाथवर शिफ्रा पॅलेस्टिनींच्या बाजूने घोषणा देणार. मॉन्ट्रियलमध्ये गुडघाभर बर्फ पडलेला, बस बंद, आणि घरात गाडी एकच.

"मी तुला तिथे नेऊन सोडणार नाही," हर्शेल म्हणाला.

"गाडी आईच्या नावावर आहे, बाबा."

पर्लने, म्हणजे हर्शेलच्या बायकोने, स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. "दोघं एकत्र जा, एकत्र या. आणि भांडायचं तर काचा वर करून भांडा." तिने कोंबडीच्या सुपाचा थर्मास शिफ्राच्या हातात दिला. थर्मासही एकच.

हर्शेलची सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर नकाशा गेला, छडी गेली, आवाज तेवढा राहिला.

कोपऱ्यावर शिफ्राने गाडी थांबवायला लावली. "लुबनाला घ्यायचंय."

लुबना इस्पितळात औषधं द्यायचं काम करायची. गळ्यात पॅलेस्टिनींचा काळा-पांढरा चौकडीचा रुमाल गुंडाळून ती मागच्या सीटवर बसली. "मरहबा, अम्मो."

"अम्मो म्हणजे काका," शिफ्रा म्हणाली.

"माहितेय मला. काका म्हटलं की मी विरघळेन असं वाटलं का हिला?"

"छे हो," लुबना म्हणाली. "माझं सगळ्या सख्ख्या अम्मोंशी भांडण आहे. तुम्ही त्यांतलेच एक."

पहिल्या सिग्नललाच जुंपली. "जगात ज्यूंना एक तरी दार हवं, आतून कडी लावता येईल असं," हर्शेल म्हणाला. "माझ्या आईला ते मिळालं नाही. एवढं मागितलं तर आम्ही वर्णद्वेषी?"

"दाराला कोण नाही म्हणतंय, अम्मो? पण घर आमचं होतं ना!"

हर्शेलने मग तुर्कांच्या राजवटीपासून सुरुवात केली. इंग्रजांपर्यंत पोचेस्तोवर वळण हुकलं आणि तिघं भलत्याच पुलावर चढले.

चौकात पोचल्यावर मात्र शिस्तीत फाटाफूट झाली. मधे लोखंडी कठडे आणि हात चोळणारे पोलीस. शिफ्राच्या बाजूचा एक पोरगा भोंगा घेऊन हर्शेलकडे बोट दाखवत ओरडला, "तो टोपीवाला म्हातारा बघा! पक्का वर्णद्वेषी!"

शिफ्राने त्याच्या हातातला भोंगाच ओढला. "ए, कोणाला म्हणतोस? माझे बाबा आहेत ते! त्यांना वर्णद्वेषी मी म्हणते. घरी, जेवताना. तू कोण रे टिकोजीराव?"

भोंगा चालूच होता. सगळ्या चौकाने ऐकलं. हर्शेलची मान शरमेने खाली जायला हवी होती. ती भलतीच ताठ झाली.

तेवढ्यात हर्शेलशेजारी उभ्या झेल्डाबाई क्रोल फणकारल्या. त्या हर्शेलच्याच सिनेगॉगमधल्या, प्रार्थनेला येणाऱ्या. "ही तुमची पोरगी? असल्या ज्यूंना आईबापांनी घराबाहेर काढावं."

"बाहेर काय काढायचं? बाहेर बर्फ आहे," हर्शेल म्हणाला. "पोरगी चुकतेय, पण माझी आहे."

"आणि तिच्याजवळची ती चौकडीवाली! तिला तर तिच्या देशात परत पाठवा."

हर्शेल गर्रकन त्यांच्याकडे वळला. इतकी वर्षं पोरांना नकाशे शिकवलेला माणूस तो. "कुठल्या देशात, बाई?"

"जिथून आली तिथे!"

"अहो, तेच तर ती मागतेय!" हर्शेल ओरडला. "तेच मागायला ती इथे थंडीत उभी आहे, आणि ते द्यायचं नाही म्हणून आपण उभे आहोत!"

झेल्डाबाईंना ते पटलं नाही. खरं म्हणजे हर्शेललाही नीटसं पटलं नव्हतं, पण बाईंनी आवाज चढवला म्हणून त्याने वर चढवला. पलीकडच्या घोषणांवर मात करत दोघं एकाच बाजूला उभं राहून एकमेकांवर ओरडत राहिले. शेवटी हर्शेलने तोंड उघडलं आणि आतून फक्त वारा आला.

परतताना गाडी शिफ्राने चालवली. हर्शेल पुढे मुकाट बसलेला. "रुसलात का?" तिने विचारलं. त्याने घशाकडे बोट दाखवलं.

लुबनाने मागून वाकून थर्मासच्या झाकणात सूप ओतून दिलं. "बोलायचं नाही, अम्मो. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्त बिघडतो."

मग ती सांगत गेली आणि हर्शेलला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गॅलिलीतलं तिच्या आजीचं गाव. गाव पाडलं, विहीर बुजवली, अंजिराची झाडं तेवढी राहिली म्हणतात. आजी लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत मेली. मरेपर्यंत बाजारातला अंजीर तिने तोंडात घातला नाही. याला चव नाही म्हणायची.

हर्शेल तरुणपणी एक उन्हाळा गॅलिलीत फळबागेत राबला होता. कुंपणापलीकडे जुनी अंजिराची झाडं होती. दुपारी पोरं तिकडे जाऊन यथेच्छ खायची. लावली कोणी, हे कोणी विचारलं नव्हतं.

लुबनाचं घर आलं. ती उतरली तशी त्याने काच खाली केली आणि डॉक्टरी आज्ञा मोडून कसाबसा आवाज काढला. "हिरवे की जांभळे?"

लुबना परत खिडकीशी वाकली. "आजी हिरवे म्हणायची, तिची बहीण जांभळे. दोघी शेवटपर्यंत भांडल्या. मला जाऊन बघू देत नाहीत, अम्मो. तुम्हाला देतील."

त्याने मान डोलावली. जांभळे होते, असं त्याला आठवत होतं, पण ते त्याने सांगितलं नाही.

"घरात काय शांतता आहे!" त्या आठवड्यात पर्ल फोनवर बहिणीला म्हणाली. "देवाला इतकी वर्षं सांगत होते, आत्ता त्याने ऐकलं."

पुढच्या रविवारी हर्शेल झेंडा घेऊनच निघाला. मत काही बदललं नव्हतं. कोपऱ्यावर मात्र शिफ्राने सांगायच्या आधीच त्याने गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवला.

"उशीर करते ही पोरगी," तो घोगऱ्या आवाजात कुरकुरला. "थंडीत त्यांचा मोर्चा काय तिच्यासाठी थांबणार आहे?"