दोनशे तेरावी उशी

वहिनींच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते त्यांच्यासमोर. एरवी ती जिन्यामागची एक खोली होती. एक शिलाई मशीन, कापसाची पोती आणि छताला टेकलेली उशांची चळत. मशीनवर धाकटी जाऊ बसायची, खोळींत कापूस वहिनी स्वतः भरायच्या, आणि पोस्टमनपासून वीजबिलवाल्यापर्यंत सगळं जग त्यांना वहिनीच म्हणायचं.

एकदा एका उशीत कात्री शिवली गेली. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कान धरून आलं. स्वतःचा. तेव्हापासून वहिनींनी नियम केला की प्रत्येक उशीवर डोकं ठेवायचं, वीस अंक मोजायचे, काही टोचलं नाही तरच उशी बाहेर. तशी पट्टीच शिवली त्यांनी प्रत्येक उशीला: ‘डोकं टेकवून तपासलेली’.

नियम चांगला होता, पण उशा त्याहून चांगल्या होत्या. वीसपर्यंत कुणी पोचायचंच नाही. वहिनी अकराला आडव्या व्हायच्या. जाऊ सातला घोरायला लागायची ती थेट जेवायच्या वेळी उठायची. मीटर बघायला आलेल्या माणसाला एकदा सहज म्हटलं, जरा ही एवढी तपासा, तर तो पुढच्या महिन्याचं रीडिंग घेऊनच गेला. पुन्हा यायचा हेलपाटा वाचला म्हणाला. दिवसाला चाळीस उशा शिवून व्हायच्या आणि तपासून व्हायच्या तीन.

असा धंदा केव्हाच बसला असता. तारलं वन्संनी.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची थोरली बहीण. बावीस वर्षं त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गॅस बंद केलाय का, पंखा वरून पडेल का, शेजारच्यांचं मांजर आपल्या नळीत अडकलं तर काढायचं कुणी, अशा काळज्या त्यांच्या डोक्यात पाळीपाळीनं पहारा द्यायच्या. त्या उशीवर डोकं टेकवायच्या, डोळे सताड उघडे ठेवून वीस मोजायच्या आणि उठून म्हणायच्या, “ठीक आहे. पण डाव्या कोपऱ्यावर माझा विश्वास नाही.” दिवसाला पन्नास उशा सहज हातावेगळ्या, म्हणजे डोक्यावेगळ्या करायच्या.

मग हॉटेलची ऑर्डर आली. तीनशे खोल्या, तीनशे उशा, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. पट्टीवरचं वाक्य तिथल्या खरेदीसाहेबांना फार आवडलं होतं. ते म्हणाले, “वेळेत आणि सगळ्या तपासलेल्या दिल्यात, तर दरवर्षीच्या उशा तुमच्याकडून. नाही दिल्यात, तर दुसरे आहेतच.” दरवर्षी म्हणजे दुसरं मशीन, म्हणजे खिडकी असलेली खोली. वहिनी तिच्या पडद्याचा रंगही ठरवून मोकळ्या झाल्या.

त्याच सुमाराला बायकांच्या धंद्यांसाठी नऊ दिवसांचं प्रशिक्षण होतं. वहिनी वन्संना घेऊन गेल्या. प्रशिक्षणवाल्या मॅडम म्हणाल्या, “धंद्यातले धोके डोक्यात ठेवू नका. कागदावर उतरवा, समोर उपाय लिहा.” बाकीच्या बायकांनी पाच-सहा लिहिले आणि पेनाची टोपणं लावली. वन्संनी आणखी कागद मागितला. मग वही मागितली. मग जाडी वही मागितली.

मॅडमनी वाकून बघितलं. ‘सुई हरवणे. सुई सापडणे, पण पायात. मशीन बिघडणे. मशीन कधीच न बिघडणे, त्यामुळे आपण गाफील राहणे. हॉटेलच्या सगळ्या पाहुण्यांची मान एकाच दिवशी अवघडणे.’ प्रत्येकापुढे उपाय, पानाला क्रमांक.

“बाई, तुम्ही आजवर होतात कुठे?” मॅडम भारावून म्हणाल्या. मग वहिनींकडे वळल्या. “तुमची तपासणी एकट्या यांच्यावरच चालते? उद्या या नसल्या तर?”

“या?” वहिनी हसल्या. “या कुठे जातायत!”

शुक्रवारी सकाळी वन्संनी सहाशे तेरावा धोका लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली. त्यांचा चेहरा जरा विचित्र दिसत होता.

“वहिनी, डोकं कसं मोकळं वाटतंय. नुसता वारा खेळतोय आत.”

“छान झालं,” वहिनी म्हणाल्या. त्यांचं लक्ष कापसात होतं.

दोनशे बारा उशा तपासून झाल्या होत्या. वन्संनी दोनशे तेराव्या उशीवर डोकं टेकवलं. चारच्या पुढे आकडा ऐकू आला नाही.

मग जे घोरणं सुरू झालं ते बावीस वर्षांचं साठलेलं होतं. टेबलावरची रिळं गडगडत खाली गेली. मशीनचं पॅडल आपसूक हलायला लागलं, आणि जावेनं त्यावर दोन खोळी फुकटात शिवून घेतल्या.

“जाऊबाई, दुपारचे बारा वाजलेत,” जाऊ म्हणाली. “अठ्ठ्याऐंशी राहिल्यात. उठवा त्यांना.”

पाणी शिंपडून झालं, पातेली वाजवून झाली. जाऊ कानाशी ओरडली, “वन्सं, गॅस चालू राहिलाय!”

वन्सं झोपेतच पुटपुटल्या, “पान अकरा. उपाय लिहिलाय.”

“वन्सं, छत कोसळतंय!”

“पान चाळीस. तळाशी बघ.”

“मांजर अडकलं हो नळीत!”

“कुठलं मांजर? पांढरं असेल तर पान नव्वद, काळं असेल तर...” आणि पुन्हा घुर्रर्र.

जाऊ कपाळाला हात लावून बसली. वहिनी मात्र वन्संकडे टक लावून बघत होत्या. लग्न होऊन आल्यापासून या बाईच्या कपाळावर आठी नाही असा क्षण त्यांनी पाहिला नव्हता. आज ते कपाळ इस्त्री केल्यासारखं होतं. कसं उठवायचं, हे वहिनींना एव्हाना कळून चुकलं होतं. पण हात धजत नव्हता.

“झोपू दे अजून तासभर,” त्या म्हणाल्या.

“तासभर? आणि हॉटेल?”

“असू दे गं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच झोपल्यात.”

हा धोका वहीत नव्हता. वहिनींनी तो स्वतःच्या अंगावर घेतला आणि तासभर मुकाट्यानं कापूस भरत राहिल्या. भरता भरता खिडकीचा पडदा डोळ्यांसमोर फिकट होत चालला होता. मग उठून त्यांनी वही मशीनच्या खाली सरकवली आणि वन्संच्या कानाशी हळूच म्हणाल्या, “वन्सं, वही हरवली.”

घोरणं थांबलं. एक डोळा उघडला.

“कुठली वही?”

“धोक्यांची.”

वन्सं ताडकन उठून बसल्या. सहाशे तेरा काळज्या एकदम घरी परतल्या, त्यांचा धक्का भिंतीला लागून कॅलेंडर खाली पडलं. “गॅस! छत! मांजर! अगं बाई, दोनशे तेरावी!” आणि त्या अशा सुटल्या की डोकं कुठे संपतं आणि उशी कुठे सुरू होते, हे जावेला दिसेना. अठ्ठ्याऐंशी उशा साडेतीनला संपल्या. त्या भरात जिन्याच्या एका पायरीवरही चुकून डोकं टेकवून वीस मोजून झाले.

हॉटेलच्या दारात टेम्पो पोचला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. खरेदीसाहेबांनी कौतुकानं एक उशी उचलली. “बघू तरी, काय एवढं...” म्हणत ते डोकं टेकवणार, तोच वन्संनी उशी हिसकावली.

“आधी सही.”

“अहो, पण बघू तर द्या!”

“पान दोनशे सतरा,” वन्सं ठणकावून म्हणाल्या. “माल घेणारा माणूसच झोपणे. उपाय, आधी सही, मग उशी.”

साहेब गोंधळले, पण सही केली. मग उशीवर डोकं टेकवलं. आकडा नऊपर्यंतच गेला. आठवडाभर त्यांना कुणी हलवलं नाही. हॉटेल म्हणालं, आमची याहून चांगली जाहिरात दुसरी नाही, आणि त्यांच्याभोवती दोरी बांधून दिली.

खिडकीवाली खोली मिळाली. दुसरं मशीन आलं. वही ‘सापडली’ तेव्हा वन्सं दोन दिवस वहिनींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “रविवारची माझ्याकडे राहू दे. फक्त रविवारची.” तेव्हापासून वन्सं रविवारी वही उशाशी घेऊन झोपतात, आणि त्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापली शिवणाची मशीनं त्यांच्या खोलीच्या भिंतीला लावून ठेवतात.

राहता राहिला मॅडमचा प्रश्न, की तपासणी एकट्या माणसावरच का. तो मॅडमनीच सोडवला. नमुना म्हणून ती वही त्यांनी सोमवारी वाचायला घरी नेली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या रेघेपर्यंत वाचली. बुधवारी परत आल्या तेव्हा डोळे तांबडे होते आणि एकच प्रश्न विचारत होत्या, “समजा मांजर करडं असेल, तर?”

मंगळवारी आणि गुरुवारी आता मॅडमच उशा तपासतात. दिवसाला साठ.