कुंपणालगतची कबर

दगड गाडीवरून उतरवताना एका हमालाचं बोट चेंगरलं, तेव्हा इस्त्रीवालीने मनातल्या मनात मेलेल्या साहेबालाच शिवी हासडली. मेल्यावरही हा माणूस दुसऱ्यांनाच चेपत होता.

"डोकं कुठल्या बाजूला?" पाथरवटाने विचारलं.

तिने दाखवलं. तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबाची मुलगी समुद्र ओलांडून खास या दगडासाठी आली होती. काळ्या हातमोज्याचं बोट फिरवत ती अक्षरं वाचू लागली: वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, मग बंदरात पहिला झेंडा रोवणाऱ्या पणजोबांचं. रक्ताने ते इस्त्रीवालीचेही पणजोबा. पण तिच्या घराण्याची मोजदाद वेगळी होती. आजीने या साहेबाच्या बापाचे सदरे धुतले, आईने याचे. मग ही जन्मली ती साहेबाची हनुवटी घेऊन, आणि मायलेकींची रवानगी बंगल्यातून धुण्याच्या खोलीत झाली. आपल्याच बापाच्या कॉलरींना खळ घालण्यात तिचं तरुणपण गेलं. तो तिला 'ए' म्हणायचा.

साथीच्या वर्षी साहेबाची बायको मुलीला घेऊन बोटीत बसली. इकडे आईला ताप भरला, तशी साहेबाने धुण्याच्या खोलीला बाहेरून कुलूप घालायला लावलं. इस्त्रीवाली बाहेर दार बडवत राहिली, आत आई पाणी मागत राहिली. आई गेली त्याच रात्री साहेबालाही तापाने उचललं.

खिळे ठोकलेल्या दोन्ही पेट्या एकाच गाडीतून आल्या. भीतीने बाकी कुणी फिरकलं नाही. झाडाखालचा खड्डा साहेबासाठी होता, कुंपणालगतचा नोकरांसाठी.

"कुठली कुठे?" कबर खोदणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

तिने बोट दाखवलं. म्हातारा क्षणभर साहेबाच्या पेटीच्या पितळी मुठींकडे बघत राहिला, मग ती पेटी कुंपणाकडे ओढू लागला. पुढे तोही गेला, मिटल्या तोंडाने. कुंपणाकडे तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. साहेबाला कुत्र्यानेही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं, आणि तसंच झालं होतं. तिथे नुसतं गवत माजलं होतं.

दगड झाडाखाली बसला. साहेबाची मुलगी गुडघे टेकून रडली. तिने कपाळ दगडाला लावलं. इस्त्रीवालीला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. त्या घरातलं कुणी आजवर तिच्या आईपुढे वाकलं नव्हतं. वर नाव साहेबाचं होतं, ते खुपत होतं. पण आईला वाचता येत नव्हतं, तेवढीच सोय.

"ताई," साहेबाची मुलगी उठत म्हणाली.

इस्त्रीवालीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"माझ्या आईने मरताना सांगितलं मला. तुमच्याबद्दल, तुमच्या आईबद्दल." गाडीतून तिने पांढऱ्या फुलांचा आणखी एक गुच्छ काढला. "हा त्यांच्यासाठी. त्या कुंपणाकडे आहेत ना?"

उत्तराची वाट न बघता ती गवतात शिरली.

इतकी वर्षं इस्त्रीवालीने ज्याला फुलाची पाकळी मिळू दिली नाही, त्याच्या उरावर आता त्याचीच लेक आपल्या हाताने फुलं ठेवणार होती. तिने धावत जाऊन तिचा दंड धरला.

"तिकडे नको, बाईसाहेब."

"का?"

"साप निघतात."

तिने गुच्छ जवळजवळ हिसकावूनच घेतला, परत आली आणि झाडाखालच्या दगडावर ठेवला. देठ नीट एका बाजूला केले.

मग साहेबाच्या मुलीने इस्त्रीवालीचे दोन्ही हात धरले.

"तुमच्या आईची फुलं तुम्ही बाबांना दिलीत," ती हुंदका आवरत म्हणाली. "ताई, तुम्ही त्यांना क्षमा केलीत."

इस्त्रीवालीने हात हळूच सोडवून घेतले.

"नाही," ती म्हणाली, आणि दगडावर उडालेली माती तळहाताने पुसू लागली.