अमृताच्या स्नोमोबाईलची टकटक

आमच्या सुनेची स्नोमोबाईल वाजायला लागली तेव्हा आमच्या उइटहॉर्न गावच्या नदीतली बदकं काठावर येऊन रांगेत उभी राहिली, आणि पलीकडच्या कुरणातल्या गाईंनी त्या दिवशी दुधाऐवजी थेट ताक दिलं. आमच्या सौभाग्यवतींना, जयंतीला, हे पटत नाही. नाही तर नाही.

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची फटफटी. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रुंद रबरी पट्टा. या सपाट डच देशात तिचा उपयोग शून्य. पण अमृता पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर. आमच्या सारंगच्या व्हिसावर इकडे आली, बरीच वर्षं घरी बसून कंटाळली, आणि आता स्वीडनच्या बर्फात मराठी कुटुंबांना सहली घडवायचा धंदा तिनं काढला होता. ही जुनी गाडी त्यातली पहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रेलरवर चढवून निघायचं होतं. पहिली मंडळी तिकडे पोचणार होती. गाडी बिघडली तर सहल रद्द, आणि धंदा उघडण्याआधीच बंद.

गाडी घरात आली म्हणजे पूजा आलीच. जयंतीनं हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"अगं अमृता, हिला चाकच नाही!"

"पट्ट्याखाली ठेवा, आई."

नारळ कुठे फोडायचा यावरही वाद. सारंग म्हणाला, पुढे, स्कीपाशी.

"अरे, त्या नुसत्या दिशा दाखवतात," मी म्हटलं, "तुझ्या झुइडासच्या ऑफिसातल्या मॅनेजरांसारख्या. कष्ट करतो तो पट्टा. मान त्याचा."

चक्क माझं ऐकलं गेलं. पट्ट्याशेजारच्या फरशीवर मी नारळ असा आपटला की बेल्जियमपर्यंत कपबशा हलल्या. अमृतानं गाडी सुरू केली, लिंबू चिरडलं, आणि ओल्या गवतावरून गाडी ट्रेलरकडे निघाली.

टक्. टक्. टक्.

सारंगचा चेहरा उतरला. "बेअरिंग गेलं. नाहीतर आतली चेन. मी सगळ्यांना मेसेज टाकतो, सहल कॅन्सल."

"फोन खिशात ठेव," अमृता म्हणाली. आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

"नजर लागली," जयंती म्हणाली. "मीठमोहऱ्या आणते."

"आत एखादा रेनडिअर अडकला असेल," मी म्हटलं. "आमच्या कोयनेला एकदा बुलडोझरमध्ये अख्खा गवा..."

"बाबा, जरा गप्प बसता?" अमृता म्हणाली.

बसलो. तिनं गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलला. इंजिनची ताकद पट्ट्याकडे नेणारा बेल्ट काढून इंजिन क्षणभर चालवलं. आवाज नाही. म्हणजे इंजिन ठीक. बेल्ट परत चढवला, पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, पट्ट्यावर एक टिळा लावला आणि पट्टा अगदी हळू फिरवला. टिळा वर आला की टक्. पुन्हा वर आला की पुन्हा टक्.

"बेअरिंग असतं तर एका फेरीत कितीतरी वेळा वाजलं असतं," ती म्हणाली. "हे फेरीला एकदाच वाजतंय. म्हणजे गाडीत काही मोडलेलं नाही. पट्ट्यातच काहीतरी बसलंय."

इंजिन बंद करून तिनं पट्टा हातानं फिरवला, टॉर्च मारला, पक्कड आत घातली आणि हिसका दिला. बाहेर आला करवंटीचा तुकडा. पट्ट्याच्या एका भोकात चपखल बसला होता. पट्टा फिरवणाऱ्या चक्राचा दाता त्या भोकात शिरायला गेला की त्याच्यावर आपटत होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पट्ट्याचा मान म्हणे!" जयंती म्हणाली.

"मग? त्यानं प्रसाद घेतला," मी म्हटलं.

अमृता गवतात बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सारंगनं लिहून ठेवलेला मेसेज पुसला. जयंतीनं आणलेल्या मीठमोहऱ्या माझ्यावरूनच ओवाळून टाकल्या, दोनदा. मग अमृतानं गाडी पुन्हा सुरू केली. पट्टा लोण्यासारखा फिरला आणि गाडी मुकाट ट्रेलरवर चढली.

"पुढच्या गाडीचा नारळ स्वयंपाकघरात फोडायचा, बाबा," ट्रेलरवर गाडी बांधायचे पट्टे आवळताना ती म्हणाली. म्हणजे पुढची गाडी येणार होती तर!

बदकं पाण्यात परतली. गाईंचं ताकही वाया गेलं नाही. त्या दिवशी आमच्याकडे कढी होती. जयंतीला विचारा.